परत आलेला घास : ‘रिगर्जिटेशन’ या शब्दाचा अर्थ व उपयोग

शास्त्रीय लेखनाचे भाषांतर करणाऱ्यास अनोळखी शब्दांचे भय फारसे नसते. असा शब्द भेटला की तो थांबतो, कोश उघडतो, जाणकारास विचारतो आणि मगच पुढे जातो. खरा घोटाळा होतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दामुळे. तेथे थांबावे असे मनातच येत नाही. इंग्रजीतील ‘रिगर्जिटेशन’ हा अशा शब्दांपैकी एक होय. तो वाचताच ‘उलटी’ किंवा ‘ओकारी’ हे प्रतिशब्द आपोआप ओठांवर येतात आणि लेखणी पुढे सरकते.

आता तीन साधी विधाने घ्या. पहिले विधान गाईचे : गाय गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणते. दुसरे तान्ह्या मुलाचे : दूध पाजल्यावर थोडे दूध ओठांवाटे बाहेर येते. तिसरे हृदयाचे : झडप नीट मिटली नाही म्हणजे पुढे गेलेल्या रक्ताचा काही भाग मागे येतो. या तिन्ही ठिकाणी इंग्रज लेखक ‘रिगर्जिटेशन’ हा एकच शब्द निःशंकपणे वापरील. आपण तिन्ही ठिकाणी ‘उलटी’ लिहिले तर काय होईल? गाय आजारी आहे असा वाचकाचा समज होईल. आई विनाकारण घाबरेल. तिसऱ्या विधानाचे ‘रक्ताची उलटी’ असे भाषांतर झाले तर अनर्थच ओढवेल. कारण रक्ताची उलटी ही अगदी वेगळी आणि तातडीची व्याधी आहे, तिचा हृदयाच्या झडपेशी संबंध नाही.

म्हणून या एका शब्दाचा थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे. या शब्दाच्या पोटात ज्या क्रिया आहेत, त्या नीट कळल्या म्हणजे योग्य मराठी शब्द आपोआप सापडतो. त्या कळल्या नाहीत, तर कोणताही कोश उपयोगी पडत नाही.

शब्दाचे कूळ

लॅटिन भाषेत ‘गुर्गेस’ म्हणजे पाण्याचा भोवरा, सर्व काही गिळून टाकणारा डोह. त्यावरून ‘पूर येणे, बुडवून टाकणे’ अशा अर्थाचे क्रियापद झाले आणि त्याला ‘पुन्हा, मागे’ हा अर्थ दाखविणारा ‘रे’ हा उपसर्ग लागून मध्ययुगीन लॅटिनमध्ये आपला शब्द तयार झाला. पुढे सतराव्या शतकात तो इंग्रजीत पाणी किंवा अन्य द्रव उसळून मागे फिरणे या अर्थाने वापरात आलेला दिसतो. पोटातील अन्नाशी त्याची सांगड घट्ट झाली ती त्यानंतर. तेव्हा हृदयातील रक्ताच्या बाबतीत हा शब्द वापरणारा वैद्य त्याचा काही नवा, ओढूनताणून केलेला अर्थ घेत नाही. मूळ अर्थच घेतो. गेलेला प्रवाह परत फिरला, एवढेच त्याला सांगावयाचे असते.

भाषाशास्त्रज्ञांच्या मते या लॅटिन शब्दाचे आणि आपल्या ‘गिळणे’ या क्रियापदाचे मूळ एकच आहे. संस्कृतात ‘गॄ’ हा गिळण्याचा धातू आहे. ‘गिरति’ म्हणजे तो गिळतो आणि त्याला ‘उद्’ म्हणजे वर, बाहेर हा उपसर्ग लावला की ‘उद्गिरति’ म्हणजे गिळलेले वर काढतो. याच धातूपासून ‘उद्गार’ हा शब्द आला. मराठीत आज उद्गार म्हणजे तोंडून निघालेला बोल. परंतु आयुर्वेदात उद्गार म्हणजे ढेकर. दुसरीकडे ‘वम्’ या धातूपासून वमन, वांती हे शब्द आले आणि इंग्रजीतील ‘व्हॉमिट’ हा शब्द याच धातूचा दूरचा भाऊ आहे. सारांश, गिळलेले परत येणे आणि ओकणे यांसाठी दोन निरनिराळे धातू संस्कृतात आहेत, तसेच लॅटिनमध्येही आहेत. चरकसंहितेत जे नैसर्गिक वेग अडवू नयेत म्हणून सांगितले आहेत, त्यांतही ‘छर्दी’ म्हणजे वांती आणि ‘उद्गार’ म्हणजे ढेकर यांची गणना वेगवेगळी केलेली आहे. जुन्या वैद्यांनी केलेला हा भेद आपण भाषांतराच्या घाईत पुसून टाकणे योग्य नव्हे.

वांती आणि उद्गिरण

हा भेद केवळ शब्दांचा नाही, शरीराच्या व्यापाराचा आहे. वांती ही सबंध शरीराने मिळून केलेली क्रिया आहे. तिची सूत्रे मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून हलविली जातात. आधी मळमळ सुटते, तोंडाला पाणी सुटते, अंगाला घाम येतो, उमासे येतात. मग श्वास आत घेतला जातो, श्वासनलिकेचे दार बंद होते आणि मध्यपटल व पोटाचे स्नायू एकाच वेळी जोराने आकसतात. त्या दाबाने जठरातील अन्न वर फेकले जाते. जठर स्वतः अन्न फेकते, असा आपला समज असतो. वस्तुतः त्या क्षणी ते बव्हंशी सैलच असते आणि भोवतालचे स्नायू त्याला पिळून काढतात.

उद्गिरणात यापैकी काहीच घडत नाही. मळमळ नाही, उमासे नाहीत, पोटाला पीळ नाही. अन्ननलिकेत अडकलेले किंवा जठरातून वर सरकलेले अन्न सहजपणे घशाशी येते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी वळ्यासारखा एक स्नायू असतो. पुरचुंडीचे तोंड आवळून धरावे तसा तो जठराचे वरचे तोंड धरून ठेवतो. घास आला की तो सैल होतो, घास गेला की पुन्हा आवळला जातो. हा स्नायू दुबळा असला किंवा भलत्याच वेळी सैल झाला, तर खालचे वर येण्यास वाट मिळते.

तान्ह्या मुलाच्या बाबतीत हेच घडते. त्याचा आहार पातळ असतो, बराच वेळ ते आडवे असते आणि हा स्नायू अजून पुरता तयार झालेला नसतो. त्यामुळे दूध पाजल्यानंतर चार-दोन चमचे दूध ओठांवाटे ओघळते. घरातील वडीलधाऱ्या बायका याला ‘बाळाने गुळणी टाकली’ असे म्हणतात. किती नेमका शब्द आहे हा! गुळणी म्हणजे तोंडातून सहज बाहेर टाकलेले पाणी. तिच्यात कष्ट नाहीत, आजार नाही. साधारणपणे चौथ्या महिन्याच्या सुमारास अशा गुळण्या सर्वांत अधिक होतात आणि वर्ष-सव्वा वर्षाचे होईपर्यंत बहुतेक मुलांत त्या थांबतात. मूल हसतखेळत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर चिंतेचे कारण नसते. परंतु दूध दूरवर जोराने फेकले जात असेल, त्यात हिरवा रंग किंवा रक्त दिसत असेल, मूल दूध नाकारीत असेल किंवा त्याचे वजन वाढत नसेल, तर ती गुळणी नव्हे. तेव्हा डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये.

पशुवैद्यही हाच भेद शोधीत असतो. कुत्र्याने अन्न टाकले म्हणून मालक त्याला घेऊन येतो, तेव्हा वैद्य पहिल्याने विचारतो, अन्न बाहेर येण्याआधी कुत्र्याचे पोट आत-बाहेर होत होते काय? पोटाला आचके बसून अर्धवट पचलेले, पिवळसर पित्त मिसळलेले अन्न पडले असेल, तर ती वांती होय आणि दोष जठरात, आतड्यांत किंवा शरीरात अन्यत्र शोधावा लागतो. काही हालचाल न होता, मान खाली घालताच न पचलेले अन्न पडले असेल, तर ते उद्गिरण होय आणि दोष बहुधा अन्ननलिकेत असतो. मालकाने दोन्हींना ‘उलटी’ म्हटले तर तपासाची दिशाच चुकण्याचा संभव असतो.

घशाशी आलेले आंबट पाणी

जेवणानंतर लगेच आडवे झाल्यावर आंबट पाणी घशाशी येण्याचा अनुभव अनेकांना असतो. आपण त्याला ‘पित्त वर आले’ असे म्हणतो. शास्त्राच्या भाषेत पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा, कडू रस. तो जठराच्या पुढे लहान आतड्यात उतरतो. घशाशी येणारे आंबट पाणी हे मुख्यतः जठरातील अम्ल असते. तेव्हा बोलीत ‘पित्त’ म्हणावयास हरकत नाही, परंतु शास्त्रीय लेखनात ते अम्लच म्हटले पाहिजे. येथे आणखी एक बारकावा आहे. अम्ल अन्ननलिकेपर्यंतच येऊन छातीत जळजळ झाली, तर वैद्य त्याला ‘रिफ्लक्स’ म्हणतात. ते घशापर्यंत किंवा तोंडात आले म्हणजे मग ‘रिगर्जिटेशन’ म्हणतात.

हीच क्रिया एका प्रसंगी प्राणघातक ठरू शकते. शस्त्रक्रियेसाठी भूल दिली म्हणजे मनुष्य निश्चेष्ट होतो. त्याचा खोकला थांबतो, गिळणे थांबते, श्वासनलिकेचे रक्षण करणाऱ्या सर्व प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात. अशा वेळी वांतीचा एकही उमासा न येता जठरातील अन्न व अम्ल नकळत घशाशी येऊन फुप्फुसांत उतरू शकते. न्यूयॉर्क येथील डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली प्रसूतीच्या वेळी भूल दिलेल्या स्त्रियांच्या बाबतीत हा धोका सविस्तर वर्णन केला. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी सहा तास तरी घन आहार व दोन तास पाणीसुद्धा घेऊ नये, असा जो सर्वसाधारण नियम आहे, त्याचे कारण हेच. रुग्णाला वाटते, उलटी होऊ नये म्हणून उपाशी ठेवतात आणि ‘मला काही उलटी होत नाही’ असे म्हणून तो चोरून चार घास खातो. खरे भय उलटीचे नसून चाहूल न देता वर येणाऱ्या अन्नाचे असते, हे त्याला नीट सांगितले तर तो कदाचित तसे करणार नाही.

रवंथ

आता आजाराचा प्रदेश सोडून आरोग्याकडे वळू. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरीण या प्राण्यांच्या बाबतीत गिळलेला घास परत येणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. मराठीत त्याला ‘रवंथ’ असा सुंदर शब्द आहे. तो संस्कृत ‘रोमन्थ’ या शब्दापासून आला.

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. चरताना ती गवत फारसे न चावता गिळते आणि ते पहिल्या दोन कप्प्यांत जाऊन पडते. तेथे असंख्य सूक्ष्मजीव गवतातील तंतू कुजवून त्यांचे पोषक द्रव्यांत रूपांतर करू लागतात. पुढे सावलीला निवांत बसल्यावर दुसऱ्या, जाळीदार कप्प्याचा एक जादा संकोच होतो. त्याच वेळी गाय श्वासनलिकेचे दार बंद ठेवून श्वास घेण्याची हालचाल करते. त्यामुळे छातीतील दाब कमी होतो आणि ओल्या चाऱ्याचा एक गोळा अन्ननलिकेत ओढला जातो. मग अन्ननलिकेत खालून वर जाणारी संकोचाची एक लाट उठते आणि गोळा क्षणार्धात तोंडात येतो. गाईच्या मानेकडे लक्ष देऊन पाहिल्यास हा गोळा वर चढताना व सुमारे मिनिटभराने खाली उतरताना डोळ्यांना दिसतो. विद्यार्थ्यांनी हे अवश्य पाहावे. त्याला कोणतेही उपकरण लागत नाही.

तोंडात आलेला प्रत्येक गोळा गाय चाळीस-पन्नास वेळा चावते. दिवसाचे सहा ते आठ तास या कामात जातात. मोठी गाय या काळात व खाताना मिळून दिवसाकाठी शंभर लिटरांहून अधिक लाळ निर्माण करू शकते. ही लाळ पोटातील आम्लता कमी राखते व सूक्ष्मजीवांना जगविते. म्हणूनच जनावराने रवंथ सोडली की अनुभवी शेतकरी सावध होतो. परंतु ही परतवाट सर्वच वस्तूंसाठी खुली नसते. शहरांतील मोकाट गाई प्लॅस्टिकच्या पिशव्या गिळतात. त्या पहिल्या कप्प्यात एकमेकींत गुंतून बसतात; त्या पचत नाहीत, पुढे सरकत नाहीत आणि घास होऊन परतही येत नाहीत. शस्त्रक्रिया करून अशा गाईंच्या पोटातून कित्येक किलो प्लॅस्टिक काढावे लागल्याची उदाहरणे आपल्या देशात वारंवार घडली आहेत.

पिलांचा घास आणि पोळ्यातील मध

पक्ष्यांमध्ये परत आणलेला घास पिलांच्या मुखी पडतो. पारव्याचे उदाहरण आपल्या अंगणातलेच आहे. पिले अंड्यांतून बाहेर पडण्याच्या सुमारास नर व मादी या दोघांच्याही गळ्यातील अन्नपुटाच्या आतील थर जाड होतो आणि त्यापासून दह्यासारखा पांढरट पदार्थ तयार होतो. त्याला ‘पारव्याचे दूध’ म्हणतात. पिलू आपली चोच आई-बापाच्या तोंडात घालते आणि ते हे दूध वर आणून त्याला भरवितात. सस्तन प्राण्यांच्या मादीत दूध उत्पन्न करण्यास साहाय्य करणारे प्रोलॅक्टिन हे हार्मोनच पारव्यातही हे काम करते. १९३० नंतरच्या दशकात या हार्मोनचे मापन पारव्याच्या अन्नपुटावर होणाऱ्या परिणामावरूनच करीत असत.

घुबडाची रीत निराळी. ते उंदीर बहुधा अख्खाच गिळते. मांस पचते, केस व हाडे पचत नाहीत. त्यांची घट्ट गोळी बनते आणि ती काही तासांनी तोंडावाटे बाहेर टाकली जाते. जुन्या इमारतीत राहणाऱ्या गव्हाणी घुबडाच्या ठिकाणाखाली अशा गोळ्या पडलेल्या आढळतात. त्या फोडून त्यांतील कवट्या व दात तपासले की परिसरात उंदीर-चिचुंद्र्यांच्या कोणत्या जाती आहेत, हे प्राणिशास्त्रज्ञ सांगू शकतात.

मधमाशीविषयी एक प्रवाद नेहमी ऐकू येतो की, मध म्हणजे माशीची ओकारी. येथेही चुकीच्या शब्दाने चुकीचे चित्र उभे राहिले आहे. माशी फुलातील रस पचनाच्या पोटात नेत नाही. त्याआधी तिला एक वेगळी मधुपिशवी असते आणि या पिशवीच्या पुढे एक झडप असते. माशीला स्वतःला भूक लागली तरच झडप उघडून थोडा रस पुढे जातो. पोळ्यात परतल्यावर ती पिशवीतील रस तोंडाशी आणून दुसऱ्या माशीला देते. असा तो तोंडातोंडी फिरताना त्यात विकरे मिसळतात, पाणी उडून जाते आणि शंभर भागांत सुमारे अठरा भागच पाणी उरले म्हणजे मध पक्व होतो. पाणक्याने पखालीतून पाणी आणून रांजणात ओतावे, तसाच हा प्रकार आहे. पखालीतील पाण्याला कोणी ओकारी म्हणत नाही.

पिसू आणि प्लेग

आतापर्यंत पाहिलेली क्रिया ज्याची होती त्याच्याच हिताची किंवा अहिताची होती. एका क्षुद्र कीटकाच्या घशात घडणाऱ्या याच क्रियेने मात्र मनुष्यजातीचा इतिहास हादरवून टाकला आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत ती देशभर पसरून लक्षावधी माणसे दगावली. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे आलेक्सांद्र येरसँ यांनी शोधला होता. परंतु तो उंदरातून माणसात कसा येतो, हे कोणास ठाऊक नव्हते. १८९८ साली कराची येथे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने उंदरावरील पिसू हा रोग वाहून नेतो असे प्रयोगाने दाखविले. प्रारंभी त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे १९०५ पासून मुंबईत परळ येथे प्लेग आयोगाने केलेल्या प्रयोगांनी त्याला पुष्टी मिळाली. तरीही एक प्रश्न उरला. पिसू रक्त शोषून घेते, म्हणजे आत ओढते. मग तिच्या पोटातील जंतू माणसाच्या अंगात शिरतात कसे?

उत्तर १९१४ साली लंडन येथील लिस्टर संस्थेतील बॅकॉट व मार्टिन यांनी दिले. पिसूच्या घशाच्या पुढे, जठराच्या तोंडाशी काटेरी झडपेसारखा एक भाग असतो. रक्ताबरोबर आलेले प्लेगचे जंतू तेथे वाढून चिकट गोळा तयार करतात आणि वाट बुजून जाते. पिसूला भूक लागते, ती दंश करते, जोराने रक्त ओढते. परंतु ते रक्त पुढे जात नाही. ताणलेली अन्ननलिका सैल होताच ते त्या गोळ्यावर आपटून, त्यातील जंतू बरोबर घेऊन, जखमेत परत येते. पोट रिकामेच राहिल्याने उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक दंशाबरोबर जंतू पेरते. वाट पूर्ण बुजण्यापूर्वीही पिसू रोग पसरवू शकते, असे अलीकडील संशोधनाने दाखविले आहे. तथापि बॅकॉट व मार्टिन यांनी दाखविलेली यंत्रणा आजही मान्य आहे. हे वर्णन मराठीत आणताना ‘पिसू ओकते’ असे लिहिले, तर वाचकास वाटेल की पचनी पडलेले रक्त पोटातून बाहेर आले. वस्तुतः रक्त पोटात गेलेलेच नसते. ते बंद दारावरून माघारी फिरलेले असते.

हृदयाच्या झडपा

बंद न होणाऱ्या दाराची गोष्ट हृदयाची आहे. रक्त शरीरात एकाच दिशेने फिरते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सिद्ध केले. या एकदिशा प्रवाहाची राखण हृदयाच्या चार झडपा करतात. डाव्या बाजूस वरच्या कप्प्यातून, म्हणजे अलिंदातून, रक्त खालच्या कप्प्यात, म्हणजे निलयात, उतरते. मधली द्विदल झडप मिटते. निलय आकसते आणि रक्त महारोहिणीवाटे शरीरभर जाते. द्विदल झडप नीट मिटली नाही तर निलय आकसताना काही रक्त पुन्हा अलिंदात शिरते. समजा, एका ठोक्यात १०० मिलिलिटर रक्त ढकलले गेले आणि त्यातील ४० मिलिलिटर मागे आले, तर शरीराच्या वाट्यास ६० मिलिलिटरच येते. ही तूट भरून काढण्यासाठी हृदय मोठे होते, अधिक राबते आणि कालांतराने थकते. चालताना धाप लागू लागते.

महारोहिणीच्या झडपेतून असे रक्त परतले म्हणजे नाडी कशी उसळून लगेच कोसळते, याचे वर्णन डब्लिन येथील डॉमिनिक कॉरिगन यांनी १८३२ साली केले. परतणाऱ्या रक्ताचा ‘मर्मर’ असा आवाज स्टेथोस्कोपने ऐकू येतो. आता ध्वनितरंगांच्या साहाय्याने हा प्रवाह पडद्यावर पाहताही येतो आणि त्यामुळे असे कळले आहे की, अगदी किंचित रक्त निरोगी माणसाच्या झडपांतूनही परतत असते. म्हणून तपासणीच्या कागदावर हा शब्द दिसला म्हणजे घाबरून जाऊ नये. प्रमाण किती, हे डॉक्टरांना विचारावे.

आपल्या देशात झडपा बिघडण्याचे एक मोठे कारण संधिज्वर हे आहे. लहान वयात स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा धरतो. त्यांच्याशी लढणारी शरीराची प्रतिकारशक्ती काही मुलांत स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटते. सांधे बरे होतात, झडपा मात्र कायमच्या आखडतात. घशाच्या अशा विकारावर वेळेवर पेनिसिलिन दिले, तसेच एकदा संधिज्वर झालेल्या मुलाला ते डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमितपणे वर्षानुवर्षे दिले, तर पुष्कळ हानी टळते. अशा मुलाच्या आईला आजार समजावून सांगताना ‘हृदयाची झडप नीट मिटत नाही, म्हणून रक्त मागे येते’ हे एक सरळ वाक्य दहा पारिभाषिक शब्दांहून अधिक उपयोगी पडते. पारिभाषिक शब्द हवाच असेल तर ‘प्रत्यावहन’ म्हणावे; त्यात पोटाचा, घशाचा, ओकारीचा लवलेशही नाही.

पाठांतराची ओकारी

शेवटी लाक्षणिक अर्थ. पाठ केलेले जसेच्या तसे उत्तरपत्रिकेत उतरवून येणाऱ्या विद्यार्थ्यास इंग्रजीत हाच शब्द लावतात. मराठीतही ‘पाठ केले आणि पेपरात ओकून आलो’ असे विद्यार्थी स्वतःच म्हणतात. उपमा कठोर असली तरी शास्त्रशुद्ध आहे. कारण जे पचले नाही तेच मूळ रूपात परत येते. परंतु परत आणणे हे सर्वस्वी वाईट नव्हे. गायही गिळलेले परत आणते. फरक एवढाच की ती ते पुन्हा चावते. वाचलेले एकांतात आठवून, त्याला प्रश्न विचारून, पुन्हा आत घेणे याला आपल्या परंपरेत मनन म्हणतात. पहिल्या वाचनात सगळे समजले नाही म्हणून विद्यार्थ्याने खंत करू नये. घास आत ठेवावा आणि निवांतपणी वर आणून चावावा.

चार प्रश्न

तेव्हा ‘रिगर्जिटेशन’ हा शब्द वाचनात आला की चार प्रश्न विचारावेत. काय परत आले? कोठून कोठे आले? कोणत्या बळाने आले? आणि हे परत येणे प्रकृती की विकृती? उत्तरे मिळाली की शब्द मिळतो. तान्ह्या मुलाची ती गुळणी, गाईची ती रवंथ. पारव्याचे ते भरविणे, घुबडाचे गोळी टाकणे. अन्ननलिकेच्या रोगात ते उद्गिरण, हृदयाच्या झडपेत ते प्रत्यावहन आणि परीक्षेत ती ओकारी. इंग्रजीने एका शब्दात जे सामावले, त्यासाठी मराठीने निरनिराळे शब्द वापरले म्हणून मराठी दरिद्री ठरत नाही. गोठ्यात, माजघरात व शेतात या भाषेने प्रत्येक क्रिया स्वतंत्रपणे पाहिली आणि तिला स्वतंत्र नाव दिले. ती नावे आपण शास्त्राच्या पुस्तकात निःसंकोचपणे आणावीत. एका चुकीच्या शब्दाने आई घाबरते, पशुवैद्याचा तपास चुकतो, रुग्ण भलताच आजार मनात धरून बसतो. आणि एका नेमक्या शब्दाने हे सर्व टळते.